पिच (चित्रपट)

पिच : चित्रपटाची कल्पना निर्मात्यापुढे थोडक्यात, बहुधा तोंडी मांडून ती पुढे न्यायला त्याला राजी करण्याची रीत. कथा ऐकवणे, म्हणजे नॅरेशन, ही निराळी गोष्ट. नॅरेशनमध्ये पहिल्या दृश्यापासून शेवटापर्यंत सगळा चित्रपट सांगितला जातो आणि त्यात दोन तासही जातात. पिच दहा-वीस मिनिटांत आटोपते. ऐकणाऱ्याने ‘लिहिलेलं काही आहे का?’ असे विचारले, की तिचे काम झाले.

निर्माता ऐकलेली कल्पना स्वतःपाशी ठेवत नाही. पैसे घालणारा, वितरक, नट अशा एकेकाला तो ती सांगत जातो आणि त्या वेळी लेखक तिथे नसतो. त्यामुळे चांगल्या पिचची कसोटी सांगणाऱ्याच्या वक्तृत्वात नसते. ऐकणाऱ्याला ती दुसऱ्या दिवशी, स्वतःच्या शब्दांत, न अडखळता सांगता आली पाहिजे. भिडस्त लेखकांनाही चित्रपट मिळतात ते यामुळेच.

या कसोटीला पहिल्यांदा उतरते ती लॉगलाइन, म्हणजे एक-दोन वाक्यांतली गोष्ट. ‘माणुसकी हरवत चाललेल्या काळाची ही कहाणी आहे’ हे वाक्य कानाला बरे वाटते, पण त्यातून पडद्यावर काय दिसणार ते कळत नाही. त्याऐवजी असे सांगून पाहावे : ‘वीस वर्षं दाबून ठेवलेली पत्रं, गाव धरणाच्या पाण्याखाली जाण्याआधीच्या आठ दिवसांत वाटायला एक पोस्टमन निघतो.’ यात माणूस आहे, त्याची चूक आहे, करायचे काम आहे आणि मुदतही आहे. पत्रे का दाबली, हा प्रश्न ऐकणाराच विचारतो. तो विचारला गेला की पुढची पाच मिनिटे आपली.

त्या मिनिटांत पात्राला काय हवे आहे, आड काय येते आणि गोष्ट कुठे वळते एवढेच सांगावे. उपकथानके बाजूला ठेवावीत. शेवट मात्र सांगावा. ‘शेवट पडद्यावरच बघा’ म्हणणारे नवखे लेखक पुष्कळ. ही ऐट प्रेक्षकांपुढे शोभते, पैसे लावणाऱ्यापुढे नाही. शेवट लपवला, की तो अजून सुचलेलाच नाही असा अर्थ घेतला जातो, आणि बरेचदा तो खराही असतो.

ऐकता ऐकता निर्मात्याच्या डोक्यात खर्चाचा हिशेब चाललेला असतो. पात्रे किती, जागा किती, रात्रीचे चित्रीकरण, पाणी, जनावरे, लहान मुले, जुना काळ. काळ पन्नास वर्षे मागे नेला, की रस्त्यावरची प्रत्येक गाडी आणि प्रत्येक पाटी बदलावी लागते. वरच्या पोस्टमनच्या गोष्टीतही ‘गाव बुडताना दाखवायचं का?’ हा प्रश्न येणारच. त्याचे उत्तर घरून तयार करून न्यावे. समोरच्याने आजवर कोणत्या प्रकारचे आणि किती खर्चाचे चित्रपट केले, हे न पाहता जाणे म्हणजे वेळ फुकट घालवणे. ‘असाच एक विषय आमच्याकडे चालू आहे’ असे उत्तर आले, तर तिथेच थांबावे. ते निमित्त असेल किंवा खरे असेल. खरे असेल तर पुढे ऐकणे त्यालाही अडचणीचे.

बोलणे संपल्यावर हातात द्यायला एक पान असावे. मागणी आली तर ट्रीटमेंट, म्हणजे संवादांशिवाय सलग लिहिलेली काही पानांची कथा, आणि त्यानंतर पटकथा. पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावरचे साधारण एक मिनिट, असा ढोबळ हिशेब धरतात. पिच डेक, म्हणजे चित्रे, रंग आणि संभाव्य नट दाखवणारी सादरीकरणाची पाने, दिग्दर्शकाला जास्त उपयोगी. कच्ची गोष्ट त्याने झाकली जात नाही.

कल्पना चोरीला जाईल ही भीती सार्वत्रिक आहे. कायदा येथे फारसा कामी येत नाही, कारण प्रताधिकार, म्हणजे कॉपीराइट, मांडणीला मिळतो, कल्पनेला नाही. बौद्धिक संपदेविषयीच्या १९९४च्या आंतरराष्ट्रीय ट्रिप्स कराराच्या कलम ९(२) मध्ये हे स्पष्ट म्हटले आहे. अपवाद म्हणून अमेरिकेतला डेस्नी विरुद्ध वाइल्डर हा खटला सांगतात. १९४९ मध्ये व्हिक्टर डेस्नीने दिग्दर्शक बिली वाइल्डरच्या कार्यालयात फोन करून, १९२५ मध्ये गुहेत अडकून मेलेल्या फ्लॉइड कॉलिन्सची गोष्ट सुचवली. फोनवर होती सेक्रेटरी. तिने थोडक्यात द्या म्हटल्यावर त्याने सारांश लिहून तो पुन्हा फोनवरून वाचून दाखवला आणि तिने तो लघुलिपीत उतरवून घेतला. वापरलीत तर पैसे द्यावे लागतील, असेही त्याने बजावले होते. १९५१ मध्ये वाइल्डरचा ‘एस इन द होल’ आला; गुहेत अडकलेल्या माणसाचाच. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५६ मध्ये म्हटले, की कल्पना ही मालमत्ता नसली, तरी मोबदल्याच्या अटीवर सांगितलेली आणि त्या अटीवर स्वीकारलेली कल्पना गर्भित करार, म्हणजे शब्दांत न मांडता वागण्यातून झालेला करार, घडवू शकते. न मागवलेले लिखाण अनेक निर्मितीसंस्था न उघडता परत करतात किंवा आधी दावा न करण्याच्या कागदावर सही मागतात, त्यामागे असल्या खटल्यांची धास्ती आहे.

होकार आला तरी हक्क लगेच विकत घेतले जातातच असे नाही. बहुधा ऑप्शन करार होतो : थोडी रक्कम देऊन निर्माता ठरावीक मुदतीपुरता, बऱ्याचदा वर्ष-दीड वर्षासाठी, हक्क राखून ठेवतो आणि तेवढ्यात पैसा उभा करू पाहतो. कादंबरीवर आधारलेली गोष्ट असेल तर मूळ हक्क कोणाकडे आहेत, हे त्याआधी दाखवावे लागते. मुदतीत चित्रपट उभा राहिला नाही आणि ती वाढवलीही नाही, तर घेतलेली रक्कम लेखकाकडेच राहते आणि गोष्ट दुसऱ्या निर्मात्याला सांगायला तो मोकळा होतो.