कामाची वाटणी की ढकलाढकल?

बीपी सिस्टरने घेतलं, पथ्य दुसऱ्याच बाईंनी सांगितलं, डॉक्टरांच्या वाट्याला दोनच मिनिटं आली, की आपल्याकडे कुरकुर ठरलेली: "डॉक्टरांनी हातसुद्धा लावला नाही, दुसऱ्यावर ढकललं." कधी ते खरंच असतं, कधी ती कामाची नीट केलेली वाटणी असते. बाकावर बसलेल्या माणसाला दोन्ही सारखंच दिसतं.

डॉक्टरांचं घड्याळ आधी बघू. २०१७ मध्ये ६७ देशांचा एक आढावा प्रसिद्ध झाला. प्राथमिक उपचारात पेशंटला मिळणारा सरासरी वेळ स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं, बांगलादेशात ४८ सेकंद. भारत दोन मिनिटांच्या आसपास. २०२२ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी वेगळा हिशेब मांडला: अडीच हजार पेशंट असलेल्या डॉक्टरने नियमाप्रमाणे सगळं एकट्याने करायचं म्हटलं, तर दिवसाला २६.७ तास लागतील. टीम असेल तर ९.३. (म्हणजे टीम असूनही घरी जायला उशीरच.)

आता सोलापूरच्या पूर्व भागातली विडी वळणारी एखादी मावशी धरा. शुगर आहे, दिवसभर मांडी घालून बसणं आहे. वाटणी असेल तर आशाताई घरी येऊन तीस वर्षांपुढच्या सगळ्यांचा फॉर्म भरते, केंद्रात सिस्टर वजन, बीपी, शुगर केसपेपरवर लिहून ठेवते. डॉक्टरांसमोर आकडे तयार असतात, मग त्यांची दोन मिनिटं पाय तपासण्यात आणि गोळी बदलायची का हे ठरवण्यात जातात. मावशी महिनाभर फिरकली नाही, तर कोणीतरी घरी विचारायला जातं.

ढकलाढकलीत माणसं हीच, खोल्या त्याच. फक्त केसपेपर कोरा. "चार नंबरला जा." चार नंबर म्हणतो, "आधी तिकडून लिहून आणा." मावशी तीच कहाणी तीनदा सांगते. विडीचा हिशेब हजारावर होतो, त्यामुळे त्या दिवशीची मजुरी बुडतेच.

खेड्यात हाच फरक उपकेंद्रातल्या सीएचओंकडे, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांकडे बघून कळतो. २०१८ पासून आयुष्मान भारत योजनेत हे पद उपकेंद्रांना मिळत गेलं. ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सल्लासेवेवरून डॉक्टरांना विचारून त्यांनी तिथेच औषध दिलं, तर ती वाटणी. काही न बघता "सिव्हिलला जा" म्हटलं, तर ढकलणं. छातीत दुखत असेल तर मात्र लगेच पाठवणं हाच उपचार, तिथे शंका नको.

एक ढकलणं पेशंटला दिसतच नाही. डॉक्टरांचा वाचलेला वेळ जर आशाताईच्या डोक्यावर आणखी एक रजिस्टर होऊन बसत असेल, आणि तिचं बरंचसं मानधन कामागणिक मोबदल्याचं, तर माझ्या लेखी तीही ढकलाढकलच.

ओळखायचं कसं? निघताना एवढंच विचारा: "मध्येच त्रास झाला तर कोणाला भेटू?" वाटणी असेल तर एक नाव मिळतं. नसेल तर, "या परत, बघू."