अर्धा फेरा आणि ठप्प: बसून चालवायच्या लॉनमोअरच्या इंजिनाची रडगाणी

ओहायोत एप्रिल लागला की गवत असं वाढतं की शनिवारी कापलं नाही तर पुढच्या शनिवारी शेजारी बघायला लागतात. गेल्या वर्षी आमचा बसून चालवायचा मोअर गराजमधून काढला, चावी फिरवली, तर इंजिन ‘घ्यॅक’ करून अर्धा फेरा फिरलं आणि ठप्प. परत चावी, परत घ्यॅक. बॅटरी गेली म्हणून नवी आणली, तेच. मग स्टार्टर बदलला, पैसे गेले आणि तरी तेच. शेवटी कळलं की बॅटरी आणि स्टार्टर दोघंही बिचारे निर्दोष, दोष होता व्हॉल्व्हच्या टॅपेटमध्ये, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणारा भाग यांच्यातल्या फटीत, आणि तो काढायला लागला एक पाना, फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचं एक फिलर गेज आणि वीस मिनिटं.

ही भानगड समजून घ्यायला मजा येते. आमचं इंजिन एका सिलिंडरचं, पण सिलिंडर अर्ध्या लिटरचा. एवढी हवा पूर्ण दाबायची म्हणजे त्या पिटुकल्या स्टार्टरच्या तोंडाला फेस येईल, म्हणून इंजिन बनवणाऱ्यांनी एक युक्ती केलीय. आतल्या कॅमशाफ्टवर (व्हॉल्व्हची उघडझाप करणारा दांडा) एक बारीकसा उंचवटा असतो, तो सुरू करताना एक व्हॉल्व्ह किंचित उघडा धरतो, थोडी हवा निसटते आणि स्टार्टरचं काम हलकं होतं. इंजिनाने एकदा वेग घेतला की एक छोटंसं वजन फिरण्याच्या जोराने बाहेर फेकलं जातं, उंचवटा बाजूला होतो आणि व्हॉल्व्ह नीट बंद व्हायला लागतो. आता हा उंचवटा एक मिलिमीटरपेक्षाही कमी, आणि टॅपेटची फट साधारण ०.१० ते ०.१५ मिमी असायला हवी. झिजून झिजून ती वाढली की उंचवट्याची सगळी उंची फट भरण्यातच जाते, व्हॉल्व्ह उघडतच नाही, आणि पिस्टन दाबलेल्या हवेवर जाऊन आपटल्यासारखा थांबतो. माप घेताना पिस्टन अगदी वर असताना घ्यायचं नाही, तिथून साधारण पाव इंच खाली उतरू द्यायचा, नाहीतर तोच उंचवटा मध्ये कडमडतो आणि माप चुकतं. (हे मला दुसऱ्या खेपेला कळलं.)

पण टॅपेट फार तर गैरसोय करतात, इंजिन मारते ती उष्णता. वीस हॉर्सपॉवरचं इंजिन म्हणजे १५ किलोवॅट, आणि असलं इंजिन पेट्रोलमधल्या ऊर्जेच्या चौथ्या हिश्श्याचं काम करून दाखवतं, बाकी सगळी आग. त्यातली बरीचशी सायलेन्सरमधून जाते, तरी पूर्ण लोडवर दहा-पंधरा किलोवॅट उष्णता सिलिंडरच्या पत्र्यांतून म्हणजे फिन्समधून बाहेर काढायला लागते, म्हणजे घरातले सहासात गीझर एकदम चालू. मोटरसायकलला समोरून वारा मिळतो, मोअर चालतो माणसाच्या चालीने, त्याला कुठला वारा? म्हणून फ्लायव्हीलवरच (इंजिनाबरोबर फिरणारं जड चाक) पंखा बसवून वर पत्र्याचं कव्हर घालतात आणि हवा कोंडून फिन्समधून ढकलतात. आपली जुनी चेतक आठवा, तिचं इंजिनही बाजूच्या झाकणाखाली असंच पंख्यावर जगायचं. फरक इतकाच की चेतक गवत उडवत नव्हती! मोअरचं इंजिन उभ्या शाफ्टचं, पंखा तोंड वर करून बसलेला, आणि तो दिवसभर हवेबरोबर भुसा ओढत असतो. वरची जाळी आपण हाताने झटकतो आणि समाधान मानतो, आत फिन्समध्ये काय साचलंय ते कव्हर काढल्याशिवाय दिसतच नाही.

आमच्याकडे निघालं उंदराचं घर. थंडीत इंजिनाची ऊब संपली तरी जागा कोरडी आणि बंद, त्यामुळे त्याने इन्सुलेशनचा कापूस, मेपलच्या बिया आणि माझ्या बागकामाच्या हातमोज्याचं एक बोट आणून सिलिंडर हेडच्या बरोब्बर शेजारी गादी घातली होती. एका बाजूच्या फिन्सना हवाच नाही. असं चालवलं की हेड एका बाजूने जास्त तापतं, किंचित वाकतं आणि हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि सिलिंडर यांच्यातला सांधा घट्ट ठेवणारी पातळ चकती, फुटतं. कुठे फुटतं तेही ठरलेलं. या एका सिलिंडरच्या इंजिनांत पुशरॉड (व्हॉल्व्हला ढकलणाऱ्या काड्या) जायची पोकळी सिलिंडरला अगदी खेटून असते आणि मध्ये गॅस्केटची एक चिंचोळी पट्टी, तीच जाते. मग जळणारा दाब थेट क्रँककेसमध्ये, म्हणजे खालच्या ऑइलच्या पेटीत घुसतो, तिथलं ऑइल ब्रीदरमधून (पेटीतली हवा बाहेर सोडणारी नळी) परत हवेच्या वाटेने इंजिनात जातं आणि मागे निळसर धुराचे लोट. धूर बघून सगळे म्हणतात पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिनकाम काढा नाहीतर नवंच घ्या, आणि मला वाटतं अशी बरीच इंजिनं एका गॅस्केटपायी भंगारात जात असणार.

आणखी एक उलटा प्रकार. इंजिनाला त्रास नको म्हणून आपण थ्रॉटल अर्धाच ठेवतो, पण पंखा फ्लायव्हीलवर आहे, फेरे कमी म्हणजे हवा कमी, आणि पात्यांचा भार तर तेवढाच. म्हणून कापताना फुल थ्रॉटल, साधारण ३६०० फेरे, असंच मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. या वेगाने सीझनला चाळीस तास चालवलं तर ८६ लाखांच्या वर फेरे होतात, हायवेवर २००० फेऱ्यांनी १००च्या स्पीडने जाणाऱ्या कारचे तेवढेच फेरे व्हायला ७००० किलोमीटरच्या वर जावं लागेल, आणि ते सगळं जेमतेम दीड-दोन लिटर ऑइलवर. तेव्हा दर ५० तासांनी किंवा निदान सीझनला एकदा ऑइल बदलायला कंटाळा करू नये, उतारावर (बहुतेक मॅन्युअल १५ अंशांपुढे नको म्हणतात) तर अजिबात कमी ऑइलने जाऊ नये.

पेट्रोलचं थोडक्यात सांगतो कारण ते सगळ्यांनाच भोवतं. इथल्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये बहुधा १० टक्के इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं, पाणी फार झालं की पाणी आणि इथेनॉल दोघं वेगळे होऊन खाली बसतात, आणि वरचं पेट्रोल उडून मागे चिकट थर राहतो. कार्बोरेटरच्या जेटचं भोक इतकं बारीक की तेवढं पुरतं. पंपावर ८८ लिहिलेलं १५ टक्के इथेनॉलवालं तर मोअरमध्ये घालायचंच नाही, ते २००१ आणि त्यानंतरच्या गाड्यांसाठी. मी आता नोव्हेंबरात पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवतो, कार्बोरेटर कोरडा, आणि एप्रिलमध्ये आधी कव्हर काढून टॉर्च मारतो. यंदा आत दोन अक्रोड आणि थोडा कापूस होता, भाडेकरू नुकताच राहायला आला असावा.

जुनी बॅटरी परत लावलीय, मस्त चालते. नवी आणि तो नवा स्टार्टर गराजच्या फळीवर आहेत, बायको येताजाता बघते आणि काही बोलत नाही.