मातीने धरलेला फुगा

रावेर-यावलकडच्या केळीच्या बागेत पाइप दोन तऱ्हांनी बिघडतो. उन्हात पडलेला जुना पाइप एखाद्या जागी मऊ पडून फुगतो. तो फुगा पाइपचाच. दुसरी तऱ्हा वाईट. जमिनीखाली पाइपला चीर जाते, पाणी बाहेर पडतं आणि काळी माती ते धरून ठेवते. पोकळी होते, पण तिची भिंत मातीची. मोटर चालू आहे तोवर दाब येतच राहतो.

हृदयाच्या धमनीचंही असंच. तिच्या भिंतीला तीन थर. तिन्ही थरांसकट ती शेजारच्या भागापेक्षा दीडपटीहून रुंद झाली, तर तो खरा फुगवटा, अॅन्युरिझम. भिंत फाटून बाहेर आलेलं रक्त सगळ्यात बाहेरच्या थराने किंवा आसपासच्या ऊतींनी अडवलं, तर तो खोटा, स्यूडोअॅन्युरिझम. 'खोटा' ऐकून नातेवाईक हुश्श करतात. करू नये, भरवसा नाही तो याचाच.

भिंत फाटते कशाने? ठिबकची नळी साधारण 16 मिलिमीटरची, हृदयाच्या मुख्य धमन्या 2 ते 4 मिलिमीटरच्या. अँजिओप्लास्टीत, म्हणजे अरुंद झालेली धमनी आतून रुंद करण्याच्या उपचारात, तिथे जो छोटा फुगा फुगवतात, त्यातला दाब 10 ते 20 अॅटमॉस्फिअर असू शकतो. कारच्या चाकात जेमतेम दोन-अडीच. 1977 मध्ये झुरिचला आंद्रेआस ग्रुन्झिग यांनी हा उपचार पहिल्यांदा केला, तेव्हापासून भिंतीला थोडं खरचटणं कामातच धरलेलं आहे. कॅल्शियमने कडक झालेली जागा, मापाने मोठा फुगा किंवा फुगा आत नेणाऱ्या तारेचं टोक आरपार गेलं, की खरचटण्याची चीर होते. असं क्वचितच घडतं. पण काही वेळा ही पोकळी काही आठवड्यांनी, महिन्यांनी दिसते, पेशंट घरी जाऊन शेतात हिंडायला लागल्यावर.

ती फुटली तर रक्त हृदयाभोवतीच्या पिशवीत साचतं आणि हृदयाला पसरायलाच जागा उरत नाही. पोकळी लहान असेल तर डॉक्टर पुन्हा अँजिओग्राफी किंवा सीटी करून लक्ष ठेवतात. वाढत असेल तर कापडासारखं आवरण असलेला स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणारी जाळीची नळी, बसवतात. आपण पाइपला ट्यूबची पट्टी बाहेरून आवळतो, इथे ठिगळ आतून. कधी बारीक तारेची वेटोळी भरून पोकळी बुजवतात, कधी ऑपरेशनच करावं लागतं.

खरा तिढा गोळ्यांचा. रक्त पातळ करणाऱ्या म्हणतात त्या गोळ्या थांबवल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होण्याची भीती. चालू ठेवल्या तर चीर आपणहून बुजायला वेळ लागतो. पारावर बसून कुणी 'भाऊ, बंद कर त्या गोळ्या' म्हणालं, तर गोळीला हात लावण्याआधी कार्डिऑलॉजिस्टला फोन लावावा.