जिओकॅशिंग: डबा लपवण्याआधीची गोष्ट

रविवारी सकाळी अजिंक्यतारा नाहीतर यवतेश्वर चढणाऱ्या सातारकरांना जिओकॅशिंग समजायला फार वेळ लागत नाही. कुणीतरी एक डबा लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो. बाकीच्यांनी जीपीएस बघत तो शोधायचा, आतल्या वहीत नाव-तारीख लिहायची आणि डबा होता तिथेच ठेवून यायचं. एवढा साधा खेळ, पण मे २००० च्या आधी तो जमलाच नसता.

जीपीएस मुळात अमेरिकी लष्कराचं. पहिला उपग्रह १९७८ मध्ये सोडला. १९८३ मध्ये कोरियाचं प्रवासी विमान भरकटून सोव्हिएत हद्दीत शिरलं आणि पाडलं गेलं, तेव्हा ही यंत्रणा नागरिकांनाही वापरू देण्याची घोषणा अध्यक्ष रेगन यांनी केली. मुभा दिली, पण हात आखडून. सर्वसामान्यांसाठीच्या सिग्नलमध्ये मुद्दाम चूक मिसळलेली असे, त्यामुळे जागा शंभरेक मीटरपर्यंत चुकायची. भर समुद्रातल्या जहाजाचं तेवढ्यानं अडत नाही. यवतेश्वराच्या उतारावर मात्र शंभर मीटर म्हणजे ही घळ सोडून पलीकडची. करवंदीच्या जाळ्या धुंडाळत बसा!

क्लिंटन सरकारनं २ मे २००० रोजी ही चूक काढून टाकली. दुसऱ्याच दिवशी अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातल्या डेव्ह उल्मर यांनी रानात एक बादली ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले. आत पुस्तकं, सॉफ्टवेअर, गलोल आणि चक्क घेवड्याचा डबा. काही दिवसांतच माइक टीग यांनी ती शोधली. त्याच सप्टेंबरात जेरेमी आयरिश यांनी या खेळाचं संकेतस्थळ सुरू केलं, तेव्हा जगभरात मिळून असे डबे होते ७५. तसा इंग्लंडमधल्या डार्टमूरच्या माळावर बाटलीत भेटकार्ड ठेवून येण्याचा छंद १८५४ पासूनचा, पण तिथे वाट सांगायला खुणा लागत. इथे आकडे पुरतात.

नवख्यानं आधी हे आकडे वाचायला शिकावं. ते अंश आणि दशांश मिनिटांत दिलेले असतात; इथलं मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे सुमारे १.८५ किलोमीटर, म्हणजे दशांशचिन्हानंतरचा तिसरा आकडा दोन मीटरांच्या आतला. पण जीपीएस स्वतःच काही मीटर चुकतं. शेवटच्या टप्प्यात मोबाइल खिशात घालून डोळेच वापरायचे.

उल्मर यांची बादली अर्धवट पुरलेली होती. आज ती नियमात बसली नसती. जागेच्या मालकाच्या स्पष्ट परवानगीशिवाय डब्यासाठी खड्डा खणायचा नाही आणि आत खाऊ ठेवायचा नाही. खणण्याची बंदी आपल्याकडे तर फारच महत्त्वाची वाटते. गुप्तधनाच्या नादानं गडांवर खड्डे पाडणारे महाराष्ट्राला नवे नाहीत. त्या नादातल्या अघोरी प्रकारांना २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा ठरवलं, आणि त्या कायद्यासाठी आयुष्य वेचणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचेच. गडावर डबा शोधणाऱ्याकडे गावकऱ्यांनी संशयानं पाहिलं तर त्यात त्यांची काय चूक? खेळ काय आहे ते आधी सांगून टाकावं.

डबा लपवायचा तर जागेच्या मालकाची परवानगी हवी, आणि आधीच्या डब्यापासून किमान १६१ मीटर अंतर. कास पठारावर फुलं तुडवत डबा शोधणं नकोच. वासोटा कोयना अभयारण्यात येतो, तिथे पाय ठेवायलाच वनखात्याची परवानगी लागते. त्यापेक्षा ओळखीच्या कुणाच्या शेताचा बांध बरा.