हवा कोंडली की लाकूड वाचतं?

रात्री लाकडं ठासून भरायची, हवेची झडप जवळजवळ बंद करायची. विस्तव सकाळपर्यंत टिकतो आणि लाकूडही वाचतं. खोली तापवणाऱ्या पत्र्याच्या जुन्या स्टोव्हबद्दलचा हा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. पहिला भाग खरा आहे, दुसरा नाही.

वाळलेल्या लाकडाच्या वजनाचा निम्म्याहून बराच जास्त भाग तापल्यावर वायू होऊन सुटतो. तो नीट जळायला साधारण ६०० अंश सेल्सिअस तापमान आणि पुरेशी हवा लागते. झडप दाबली की दोन्ही कमी पडतात. लाकूड नुसतं धुमसतं, न जळलेलं इंधन धूर होऊन निघून जातं आणि त्यातलं काही डांबरासारखं धुराड्यात थिजतं. धुराडं पेटतं ते बहुधा याच थरामुळे.

स्टोव्हच्या सुधारित रचनेत आतून अग्निरोधक विटा असतात, कारण उघडा पत्रा उष्णता लगेच बाहेर टाकतो आणि जाळाचा गाभा थंडावतो. वरच्या आडव्या पत्र्यामुळे ज्वाळांना वळसा पडतो. खरी करामत मात्र दुय्यम हवेची: आधीच तापलेली हवा बारीक छिद्रांतून ज्वाळांच्या वर सोडली की धूरच पेट घेतो. लाकूड ओलं असेल, म्हणजे त्यात २० टक्क्यांहून बरंच जास्त पाणी असेल, तर ही रचनाही हात टेकते.