सुगम्य विद्यापीठ परिसर (कोकण)

दिव्यांग विद्यार्थ्याला कोणाच्या हातापाया न पडता वर्ग, ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि स्वच्छतागृह गाठता येणे, आणि तिथे जे शिकवले जाते ते त्याच्यापर्यंत पोहोचणे, याला परिसराची सुगम्यता म्हणतात. दापोलीचे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ (स्थापना 1972), लोणेऱ्याचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ (1989), मुंबई विद्यापीठाचा रत्नागिरी उपपरिसर आणि किनारपट्टीवरची महाविद्यालये यांना कायदा देशभरातलाच लागू होतो. जमीन, दगड आणि पाऊस मात्र इथले. सपाट मैदान गृहीत धरून काढलेला आराखडा इथे जूनमध्ये उघडा पडतो, आणि नेमके तेव्हाच पहिले सत्र सुरू होते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 हा 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला. त्याने दिव्यांगत्वाचे प्रकार 7 वरून 21 केले. शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असणाऱ्यांसाठी किमान 5 टक्के जागा राखीव असतात. जुन्या सार्वजनिक इमारती सुगम्य करण्याची 5 वर्षांची मुदत 2022 मध्ये संपली. सुगम्यतेचे निकष नुसत्या शिफारशी म्हणून ठेवणारा नियम अधिनियमाशी विसंगत असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 8 नोव्हेंबर 2024 रोजी राजीव रतुरी खटल्यात सांगितले. जागा राखीव ठेवणे कागदावर जमते. त्या जागेपर्यंत पोहोचायला जोते चढावे लागते.

कोकणात पावसाचे पाणी आत येऊ नये म्हणून जोते उंच घेतात. 3 फूट जोत्याला 1:12 या कमाल चढाने (1 फूट उंचीला 12 फूट लांबी) 36 फूट लांब रॅम्प लागतो, शिवाय मध्ये दम खायला सपाट टप्पा. अंगणात तेवढी जागा नसते, म्हणून तो 12 फुटांत उरकला जातो. मग चढताना ढकलणाऱ्याला धाप लागते, उतरताना व्हीलचेअर हाताबाहेर जाते, आणि काही दिवसांनी त्या रॅम्पवर दुचाक्या उभ्या दिसतात. रॅम्प वळवून, इमारतीच्या बाजूने नेला तर लांबी साधते.

इमारतींमधल्या वाटा अनेक ठिकाणी जांभ्याच्या, पाखाडीसारख्या पायऱ्यांच्या. जांभा सच्छिद्र, पाणी धरून ठेवणारा. श्रावण येईपर्यंत त्यावर हिरवे, बुळबुळीत शेवाळ चढते. धडधाकट माणूसही तिथे पायाची बोटे रोवून चालतो. कुबडीचे रबरी टोक आधी घसरते आणि मग अडते; पडायला ते वीतभर अंतर पुरते. ब्लिचिंग पावडर टाकून ताठ ब्रशने घासणे हा गावोगावचा उपाय इथेही चालतो, पण तो पावसाळाभर पुन्हा पुन्हा करावा लागतो आणि कोणाचे काम ते ठरलेले असावे लागते. छपराला पन्हळ नसेल तर पागोळ्या नेमक्या रॅम्पच्या तोंडाशी पडतात. साध्या लोखंडी कठड्याला खारा वारा लवकर खातो. गंजाचे पापुद्रे तळहाताला बोचू लागले की लोक कठडा धरणेच सोडतात. स्टेनलेस स्टील महाग पडते, तरी दर वर्षी रंगकाम करण्यापेक्षा परवडते.

पत्र्याच्या छपराखालच्या वर्गात पावसाची सर सुरू झाली की कमी ऐकू येणाऱ्याला शिक्षकांचे बोलणे मुळीच लागत नाही. फळ्यावर मुद्दे लिहिणे आणि ओठ दिसतील असे तोंड वर्गाकडे ठेवणे याला पैसे पडत नाहीत. दमट हवेत श्रवणयंत्रेही बिघडतात; रात्री ती ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डबीत ठेवतात. अंध विद्यार्थ्याची अडचण बहुतेकदा सूचनाफलकापासून सुरू होते. वेळापत्रक स्कॅन करून चित्र म्हणून पाठवले, किंवा युनिकोड (सगळ्या संगणकांवर सारखी वाचली जाणारी अक्षरांची पद्धत) नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केले, तर स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारा प्रोग्राम, एक तर गप्प बसतो नाही तर अगम्य अक्षरे वाचतो. तोच मजकूर युनिकोडमध्ये टाइप केला की तो मराठीत ऐकू येतो. परीक्षेत पात्र विद्यार्थ्याला लेखनिक, म्हणजे त्याने सांगितलेली उत्तरे लिहिणारा, मिळतो. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार तासामागे किमान 20 मिनिटे जादा वेळही. लेखनिक ऐन वेळी शोधत बसण्याची पाळी येऊ नये म्हणून काही जण वर्षभर आधी ओळखीतल्या मुलाशी बोलून ठेवतात.

लिफ्ट बसवली तरी वादळी पावसात वीज जाते. म्हणून दिव्यांग विद्यार्थी असलेल्या तुकडीचे तास तळमजल्यावर लावणे हा सगळ्यांत स्वस्त उपाय. त्याला निविदा लागत नाही, वेळापत्रक करणाऱ्याने मनावर घ्यावे लागते. त्याच वेळापत्रकाशी एसटीही बांधलेली असते. भाड्यात सवलत असते, पण वाडीवर मुक्कामाला जाणारी वस्तीची गाडी सुटली तर पुढची गाडी सकाळीच. त्यामुळे संध्याकाळचे प्रात्यक्षिक कोणत्या तुकडीला द्यायचे, हे ठरवण्याआधी स्थानकावरचा फलक पाहून यावा लागतो.