माहीमचे बंद दार आणि मोत माउली : मुंबईतील कॅथलिक एकीकरणाची पार्श्वभूमी

माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये बुधवारी नोव्हेनाला, म्हणजे मरियेच्या साप्ताहिक प्रार्थनेला, एवढी गर्दी असते, की शेजारी उभा असलेला कोणत्या धर्माचा, हे कुणाच्या मनातही येत नाही. याच चर्चसाठी १८५३ मध्ये कॅथलिक कॅथलिकांशी भांडले होते. चर्च दुसऱ्या पक्षाकडे जाऊ नये म्हणून बिशप अनास्तासियस हार्टमन दार लावून आत बसले. बाहेर वेढा पडला, तो काही दिवस चालला. शेवटी सरकारी अधिकारी मध्ये पडले आणि चर्च विरोधकांना मिळाले.

वाद श्रद्धेचा नव्हता, अधिकाराचा होता. पूर्वेकडील चर्चचे पालकत्व पोपने पोर्तुगालच्या राजाला दिले होते. त्याला ‘पाद्रुआदो’ म्हणत. पुढे १६२२ मध्ये रोमने मिशनकार्यासाठी ‘प्रोपगांडा फिदे’ हे स्वतःचे खाते काढले. मुंबई इंग्रजांकडे आल्यावर त्यांना पोर्तुगीज पाद्री खुपू लागले. १७२० मध्ये त्यांनी त्या पाद्र्यांना घालवले आणि प्रोपगांडाच्या कार्मेलाइट संघाच्या धर्मगुरूंना बोलावले. १७९४ मध्ये चर्चची वाटणी झाली. तेव्हापासून एका शहरात दोन अधिकार आणि एकमेकांना पाण्यात पाहणारे दोन पक्ष. माहीमला आत बसलेले हार्टमन प्रोपगांडाचे, विरोधक पाद्रुआदोचे.

पण या फाळणीच्या आधीची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. १७३९ मध्ये वसईची मोहीम झाली, साष्टी (वांद्रे ज्यात येते तो मुंबईच्या उत्तरेचा भाग) मराठ्यांकडे गेली आणि वांद्र्याच्या डोंगरावरचे मरियेचे देऊळ उद्ध्वस्त झाले. तिथली मरियेची प्रतिमा, म्हणजेच मोत माउली, खाडीपलीकडे माहीमला, सेंट मायकलमध्ये आणली गेली. वांद्रे पाद्रुआदोचे, माहीम तेव्हा प्रोपगांडाकडे. तरीही मोत माउलीला आसरा मिळाला, तोही थोडाथोडका नाही, बावीस वर्षांचा. १७६१ मध्ये ती वांद्र्याला परतली. माउलीची मूर्ती समुद्रात सापडेल असे स्वप्न एका कोळ्याला पडल्याची एक वेगळी कथाही आजही सांगतात. सप्टेंबरच्या जत्रेत मेणाचे हात-पाय वाहणारा भाविक कुणाच्या अधिकारातला, हे माउलीने कधी विचारले नाही.

कागदावरचे एकीकरण १९२८ मध्ये झाले. रोम आणि पोर्तुगाल यांच्यात करार होऊन पाद्रुआदोच्या दमण धर्मप्रांताचा (एका बिशपच्या अधिकारातल्या प्रदेशाचा) ब्रिटिश हद्दीतला भाग मुंबई महाधर्मप्रांतात आला. आर्चबिशप आळीपाळीने पोर्तुगीज आणि ब्रिटिश असावा असे ठरले. आधी जोआकिम लिमा आले, मग १९३७ मध्ये थॉमस रॉबर्ट्स. सामान्य माणसाला हा बदल जाणवला असेल तो मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत. प्रत्येक मिस्सेत आपल्या बिशपचे नाव घेऊन प्रार्थना करतात. आता दोन्हीकडच्या चर्चमध्ये एकच नाव घेतले जाऊ लागले. पवित्र आठवड्यात बिशप तेल आशीर्वादित करतो आणि ते धर्मग्रामांत, म्हणजे स्थानिक चर्चमध्ये, वाटले जाते. बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाला लावायचे तेलही आता एकाच हातून येऊ लागले. तहाच्या कलमांपेक्षा या दोन गोष्टींनी माणसे अधिक जोडली, असे मला वाटते.

१९५० मध्ये पाळीची अट संपली आणि व्हॅलेरियन ग्रेशियस मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले. त्याआधी दोन वर्षे, ८ सप्टेंबर १९४८ ला, मरियेच्या जन्मदिनी, माहीमला नोव्हेना सुरू झाली होती. तो दिवसही बुधवारच होता.